नवी व्हर्टस की जुनी आरएस?

कोल्हापूरजवळ कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, शिरोलीत, गोकुळ शिरगावात भट्ट्या पेटलेल्या असतात आणि त्यांतून गाड्यांचे, ट्रॅक्टरांचे भाग ओतले जातात. अशा ठिकाणी काम करणाऱ्या तरुण इंजिनिअरला गाडीची ओढ असणारच. पगार जरा स्थिरावला की प्रश्न येतो: वीसेक लाख घालून नवी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी घ्यावी, की त्याच आसपासच्या पैशात, मिळाली तर, जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस?

दोन्ही गाड्या महाराष्ट्रातच तयार झालेल्या. व्हर्टस चाकणची, 2022 साली आलेली, दीड लिटरची आणि 150 अश्वशक्तीची. 2017ची आरएस जोडली गेली ती औरंगाबादजवळच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, शेंद्र्याला. दोन लिटर, 230 अश्वशक्ती, आणि शून्यापासून शंभराचा वेग सात सेकंदांच्या आत.

फाउंड्रीतल्या माणसाचं मन आरएसकडे का धावतं, ते मला ठाऊक आहे. तिच्या इंजिनाचा ब्लॉक ग्रे आयर्नचा, आणि त्याच्या भिंती जेमतेम 3 मिलिमीटरच्या. इतक्या पातळ जागेत धातू गोठण्याआधी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचवायचा आणि आतली पोकळी घडवणारा वाळूचा कोअर जागचा हलू द्यायचा नाही, हे काय काम आहे ते मोल्डिंग लाइनवर उभ्या राहिलेल्याला सांगावं लागत नाही. व्हर्टसचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा. गाडीवर भार नसला की तिचे मधले दोन सिलिंडर आपोआप बंद होतात आणि पेट्रोल वाचतं. हेही कमी कसब नाही.

तरीही रोज कोल्हापूरहून कागलला ये-जा करणाऱ्याने नवी व्हर्टस घ्यावी, शक्यतो हाताच्या गिअरची, असं माझं स्पष्ट मत आहे. चौपदरी महामार्गावर मोटारीला वेगाची मर्यादा ताशी 100 किलोमीटर. त्यात सातारा-कागल सहापदरीकरणामुळे गेली काही वर्षं जागोजागी वळणरस्ते. तिथे 150 घोडे पुरून उरतात.

दुसरं कारण पैशाचं. 2017 साली आरएसची शोरूम किंमत साडेचोवीस लाखांवर होती. आज गाडी स्वस्तात मिळाली तरी तिचे सुटे भाग, टायर, ब्रेक त्या मूळ दर्जाचेच घ्यावे लागतात. या इंजिनात वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं घर प्लॅस्टिकचं असतं, ते कालांतराने गळतं. बॉनेट उघडून टॉर्च मारा. तिथे कूलंट वाळून गुलाबी पापुद्रा धरला असेल, तर तो खर्च आधीच किमतीतून वजा करा. डीएसजी गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर 60 हजार किलोमीटरला बदलल्याची पावती मागा. पावती नसेल तर बदललं नाही असंच समजा. आणि इंजिन रीमॅप केलंय का, हे तोंडावर विचारा. पिकअप वाढवण्याच्या नादात क्लचवर आणि टर्बोवर काय ताण गेला, ते ओडोमीटर सांगत नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहावीच लागते. 2019 आणि 2021च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं होतं. कोल्हापूर-सांगलीत पुष्कळ गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पुढच्या सीटच्या रुळाखाली बोट फिरवा. कार्पेट उचला, स्टेपनीची खोबण कोरडी आहे का बघा. बारीक चिकट गाळ हाताला लागला, वायरींच्या जोडावर हिरवट गंज दिसला, की गाडी कितीही चकचकीत असो, तिथून उठा. इलेक्ट्रॉनिक्सवर चालणाऱ्या गाडीत पाणी वर्षभरानेही डोकं वर काढतं.

इतकं तपासूनही गाडी निर्मळ निघाली, पहिल्या मालकाने नोंदी जपल्या असतील आणि दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम बाजूला ठेवता येत असेल, तर आरएस जरूर घ्या. तशी गाडी पुन्हा सहज हाती लागत नाही. फक्त ती निपाणी-बेळगावकडची असेल, तर तिकडच्या आरटीओची एनओसी लागेल, इकडे नव्याने रोड टॅक्स भरावा लागेल आणि तेव्हाच एमएच-09चा नंबर मिळेल. कर्ज काढून घेतलेली असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचा कागदही हवा. हे सगळं हातात येईपर्यंत विसार द्या, पूर्ण पैसे देऊ नका.