मुलांचा न्यूमोनिया आणि छातीचा फोटो

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आजच्या आनंदाच्या दिवशी आजाराचा विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु थंडी पडू लागली की आपल्या वाशिम जिल्ह्यात, रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत, लहान मूल असलेल्या घरी खोकला आल्याशिवाय राहत नाही. त्यातला बहुतेक खोकला साधा असतो. थोडा मात्र न्यूमोनियाचा असतो, आणि तो ओळखण्यात दवडलेला एक दिवस मुलाच्या जिवावर बेतू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली पाच वर्षांखालील सुमारे ७ लाख ४० हजार मुले या एका रोगाने जगभरात दगावली.

आज मला एकाच प्रश्नावर बोलायचे आहे. मूल खोकू लागले की काही माता "डॉक्टरसाहेब, आधी छातीचा फोटो काढा" असा आग्रह धरतात. काही माता उलट, किरणांनी अपाय होईल या भीतीने डॉक्टरांनी सांगितलेला फोटोही टाळतात. या दोन्ही समजुती तपासून पाहू.

क्ष-किरणांचा शोध जर्मनीत राँटजेन यांनी १८९५ साली लावला. हे किरण हवेतून सहज पार जातात आणि हाडाशी अडतात. म्हणून फोटोत हवेने भरलेले फुप्फुस काळे दिसते व बरगड्या पांढऱ्या दिसतात. न्यूमोनियात फुप्फुसाच्या बारीक पिशव्यांत हवेऐवजी पू आणि पाणी साचते, आणि तेवढ्या जागी पांढरा डाग उमटतो. डॉक्टर शोधतात तो हाच डाग.

तथापि या फोटोलाही मर्यादा आहेत. रोगाच्या पहिल्या काही तासांत डाग उमटलेलाच नसतो, त्यामुळे फोटो स्वच्छ आला तरी न्यूमोनिया असू शकतो. उलट मूल बरे होऊन खेळू लागले तरी डाग कित्येक आठवडे रेंगाळतो. रोग जंतूंचा आहे की विषाणूंचा, हे नुसत्या सावलीवरून खात्रीने सांगता येत नाही. तान्ह्या मुलाच्या छातीत थायमस नावाची एक ग्रंथी असते. तिची सावली नवख्याला रोगासारखी वाटते. मूल रडत असताना, श्वास सोडलेल्या क्षणी फोटो निघाला तर चांगले फुप्फुसही पांढुरके दिसते. एकच फोटो दोन जाणत्या डॉक्टरांनी वेगवेगळा वाचावा, असेही घडते. याच अडचणीमुळे लसींच्या संशोधनासाठी असे फोटो कसे वाचावेत याचे नियम जागतिक आरोग्य संघटनेला २००१ साली घालून द्यावे लागले.

मग फोटोवाचून न्यूमोनिया ओळखता येतो काय? येतो, आणि ते आपल्या विदर्भानेच दाखवून दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' या संस्थेतर्फे ५८ खेड्यांत आरोग्यसेवक, गावचे कार्यकर्ते आणि सुईणी यांना न्यूमोनिया ओळखण्यास व त्यावर औषध देण्यास शिकविले. त्या खेड्यांत कोठले आले क्ष-किरणांचे यंत्र! त्यांनी मुलांचे श्वास मोजले. त्यांच्या हातून उपचार झालेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.८ राहिले; तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या ४४ खेड्यांत ते शेकडा १३.५ होते. ही हकीकत १९९० साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ज्या सुईणींना पन्नासापर्यंत मोजता येत नसे त्यांच्यासाठी बंग दांपत्याने मण्यांची एक चौकट व एक मिनिटाची वाळूची घडी तयार केली: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा.

आपल्या घरी तर घड्याळ आहे. मूल शांत असताना, ते रडत किंवा दूध पीत नसताना, छाती-पोटावरचे कपडे वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर ती धाप समजावी व त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाळ दोन महिन्यांच्या आतील असल्यास श्वास पुन्हा एकदा मोजून पाहावेत. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत खेचला जात असेल, मूल कण्हत असेल, अंगावर पीत नसेल, ओठ निळे पडले असतील, झटके येत असतील किंवा ते जागे होत नसेल, तर क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. 'पोट उडते आहे' म्हणून पोटावर डाग देणे हा निव्वळ अत्याचार आहे. त्याने रोग हटत नाही आणि वेळ मात्र जातो.

मग फोटो केव्हा हवा? मुलाला रुग्णालयात ठेवण्याइतका आजार असेल, रक्तातील प्राणवायू कमी भरला असेल, औषध दोन-तीन दिवस चालूनही ताप व धाप हटत नसेल, तेव्हा. फुप्फुसाभोवती पू किंवा पाणी साचले आहे काय, क्षयाची शंका आहे काय, हे फोटोवरून कळण्यास मोठी मदत होते. खेळता खेळता शेंगदाणा किंवा हरभरा श्वासनलिकेत गेला असेल तर तो दाणा फोटोत बहुधा दिसत नाही, पण त्यापायी एका बाजूला कोंडलेली हवा दिसू शकते. अशा वेळी मूल काय खात होते हे आईने सांगितलेच पाहिजे.

डॉक्टरांनी फोटो सांगितला तर घाबरू नये. छातीच्या एका फोटोत लागणारे किरण निसर्गातून आपल्याला काही दिवसांत आपोआप मिळणाऱ्या किरणांइतकेच असतात. गळ्यातील ताईत, साखळी, चांदीची पेटी आधी काढावी, कारण त्यांचीही सावली पडते. मुलाला धरणाऱ्या बाईला दिवस गेले असतील तर तिने तसे सांगून दुसऱ्या कोणास धरू द्यावे. जुने फोटो जपून ठेवावेत व पुढच्या वेळी बरोबर न्यावेत.

रोग टाळण्याचे उपायही आपल्याच हाती आहेत. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. तुराट्या-पऱ्हाट्यांच्या चुलीचा धूर कोंडलेल्या घरात तान्हे मूल निजवू नये. न्यूमोकोकसची लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते. ती दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने या वयांत चुकवू नये.

भगिनींनो, फोटो ही डॉक्टरांच्या हातची साक्ष आहे आणि ती त्यांनी मागावी तेव्हाच द्यावी. श्वासाची साक्ष आईच्या डोळ्यांसमोर असते आणि ती मध्यरात्रीही मिळते. फोटोसाठी उद्याची एस.टी. पाहत बसल्याने हाती असलेली साक्ष वाया जाते.

म्हणून मंडळाला माझी एक विनंती आहे. संक्रांतीचे हळदीकुंकू ऐन थंडीतच येते. यंदा वाण म्हणून डब्या-वाट्यांऐवजी प्रत्येकीला एक लहानसा कागद द्यावा. त्यावर वयासह ६०, ५०, ४० हे तीन आकडे व खाली १०८ एवढेच छापावे, आणि तो प्रत्येक घरात घड्याळाशेजारी चिकटवावा. जिला वाचता येत नाही तिला शेजारणीने मोजून दाखवावे. आपल्या गल्लीतले एक मूल जरी त्या कागदामुळे वेळेवर दवाखान्यात पोचले, तरी मंडळाचे हे वर्ष सार्थकी लागले असे मी समजेन.