मुदतबंद शोधनिबंध
१९५८ साली स्थापन झालेल्या आपल्या मराठवाडा विद्यापीठातील एखादा संशोधक परदेशी नियतकालिकातील ताजा शोधनिबंध संगणकावर उघडू पाहतो, तेव्हा शीर्षक आणि सारांश दिसतात, परंतु संपूर्ण मजकूर वर्गणीवाचून पुष्कळदा हाती लागत नाही. आणि लेखकाने आपली प्रत संस्थेच्या मुक्त संग्रहात ठेवली असली, तरी प्रकाशकाने घातलेली सहा महिन्यांची, वर्षाची, क्वचित दोन वर्षांची मुदत सरेपर्यंत तीही कुलूपबंदच राहते. सरकारी खजिन्यातून पोसलेल्या विद्येवरील ही जप्ती मला तरी न्याय्य वाटत नाही. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ च्या धोरणात ही मुदत एका वर्षाहून अधिक नसावी, असे सुचविले. पुढे जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेने, ३ वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांच्या मंजुरीनिशी, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांना खुली केली. खासगी महाविद्यालये व स्वतंत्र अभ्यासक मात्र पहिल्या टप्प्यात उंबरठ्याबाहेरच राहिले. अशांनी संकोच न धरता थेट लेखकालाच पत्र लिहावे; स्वीकृत हस्तलिखिताची प्रत खासगी अभ्यासासाठी देण्यास बहुतेक प्रकाशकांची हरकत नसते.