ओळंब्यात न मावणारी पाठ

(मंडळाच्या गणेशोत्सवातील आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



आम्ही इंदूरच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीचं काम करणारी माणसं. मोठे डॉक्टर नव्हे. डिप्लोमा करून वीसेक वर्षं लोकांच्या पाठी, माना आणि गुडघे हाताळत आलो आहोत. हल्ली आमच्याकडे एक नव्या तऱ्हेचा रुग्ण येतो. त्याला दुखत काहीच नसतं, हातात मात्र एक रंगीत कागद असतो.

मागच्या वर्षी साठीच्या एक काकू असाच कागद घेऊन आल्या. कुठल्याशा शिबिरात त्यांचा फोटो काढून, त्यावर लाल रेघा ओढून ‘कणा वाकडा आहे’ असं सांगितलं होतं आणि वर पट्टाही विकला होता. काकूंनी धसका घेतला. नातवाला उचलणं सोडलं, सकाळचं फिरणं बंद केलं. आम्ही तपासलं तर पाठीत काही बिघाड नव्हता. दोन महिने बसून मात्र गुडघे आखडले होते. म्हणून आज पोश्चरची तपासणी कशासाठी असते आणि ती कुठे अपुरी पडते, एवढंच सांगतो.

तपासणी तशी साधी. गवंडी भिंतीला लावतो तसा ओळंबा. बाजूने पाहिलं की कानाची पाळी, खांदा आणि खुबा एका रेघेत यावेत. मग ती रेघ गुडघ्याच्या आणि घोट्याच्या किंचित पुढून जावी. मागून खांदे आणि कंबर दोन्हीकडे सारखी दिसते का, ते पाहायचं. पण ही रेघ मोजण्याच्या सोयीसाठी आहे. माणूस काही भिंत नव्हे. आपला विठोबा समचरण उभा आणि मुरलीधर तीन ठिकाणी वाकलेला; कोणी त्याला पट्टा बांधत नाही!

आता उपयोग. वाढत्या वयाच्या मुलाला पुढे वाकायला सांगा. पाठीची एक बाजू उंच दिसली तर डॉक्टरांना दाखवा. ही युक्ती इंग्रज शल्यविशारद विल्यम अॅडम्स यांची, १८६५ सालची. एक्स-रेवर बाक १० अंश किंवा जास्त भरला तर त्याला स्कोलिओसिस म्हणतात. वाढ चालू असताना तो सापडला तर फायदा होतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ब्रेस लावलेल्या ७२ टक्के मुलांचा बाक ५० अंशांच्या आत राहिला. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. तसंच वयस्कर बाईची उंची कमी होऊ लागली, पाठीला पोक आलं, तर ठिसूळ हाडांमुळे मणका दबल्याची शंका घ्यावी लागते. लकवा झालेला माणूस कोणत्या पायावर भार टाकतो, हेही उभं करूनच कळतं.

आणि मर्यादा? दुखणं फोटोत दिसत नाही. वाकून चालणारे कित्येक जण ठणठणीत असतात, ताठ माणसंही कंबर धरून येतात. फोटो काढतो म्हटलं की माणूस आपोआप छाती काढतो, म्हणजे रोजची ठेवण दिसतच नाही. एमआरआयचीही तीच गत. ज्यांना काहीच दुखत नाही अशा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसतात, असं २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून मांडलं गेलं. मग नुसत्या रेघांवरून आजार कसा ठरवायचा?

भंवरकुआंच्या कोचिंगला दिवसभर बसणाऱ्या मुलांचे पालक विचारतात, ‘सर, सरळ कसं बसवू?’ आमचं उत्तर एकच: कितीही सरळ बसा, तासन्‌तास एकाच जागी बसलं की अंग आंबणारच. अर्ध्या तासाने उठवा, चालवा, सूर्यनमस्कार घालू द्या. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नको, असं २०२० चं दप्तर धोरणही सांगतं.

मात्र रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, हातापायात मुंग्या किंवा कमजोरी, लघवीवरचा ताबा जाणं, पडल्यानंतरची पाठदुखी यांपैकी काही असेल तर ओळंब्याची वाट न पाहता दवाखाना गाठा.

आणि कोणी रेघांचा कागद हातात दिला, तर त्याला एवढंच विचारा: ‘यावरून माझ्या उपचारात नेमकं काय बदलणार?’ उत्तर नुसता पट्टा असेल, तर पैसे खिशातच राहू द्या.

बाप्पा सर्वांना चालतं-फिरतं ठेवो. गणपती बाप्पा मोरया!