हात सैल सोड
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



या व्यासपीठावर मी पुष्कळदा आले आहे, पण उभी राहून बोलायला आज पहिल्यांदाच. शाळेत असताना मी इथे कोपऱ्यात पेटीमागे बसलेली असायचे. प्रार्थना, स्वागतगीत, पंधरा ऑगस्ट, गॅदरिंग, सगळीकडे पेटीवर मीच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माझा चेहरा आठवत नसेल, फक्त वेणी आठवत असेल.

संयोजकांनी सांगितलं, “दहावीनंतर काय केलंस ते दहा मिनिटांत सांग.” नोकरी बँकेत केली, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. म्हणून एका फजितीबद्दल बोलते.

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी पियानो शिकायला लागले. माझे सर मूळचे गोव्याचे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. ते वळण त्यांच्या घरात टिकून आहे. मला वाटलं, चाळीस वर्षं पेटी वाजवली आहे, पट्ट्या त्याच, जमेल. उजव्या हाताला जमलंही. पण पेटीवर डावा हात काय करतो? भाता ओढतो. माझ्या डाव्या हाताच्या बोटांना स्वर ठाऊकच नव्हते.

आणि सरांनी पुढ्यात ठेवला बाख. योहान सेबास्टियन बाख, जन्म १६८५, मृत्यू १७५०. त्याने १७२३ साली शिकणाऱ्यांसाठी तीस लहान रचनांची एक सुबक प्रत तयार केली: पंधरा दोन आवाजांच्या, पंधरा तीन आवाजांच्या. यातल्या बऱ्याच रचना आधी त्याच्या थोरल्या मुलाच्या वहीत होत्या. पहिल्या रचनेत उजवा हात एक लहानसा प्रश्न विचारतो आणि डावा तोच प्रश्न खालच्या सप्तकात विचारतो. आपल्या सवाल-जवाबासारखंच, फक्त पहिल्याचं बोलणं संपायची वाट दुसरा बघत नाही. साथसंगत असा प्रकारच नाही. दोन्ही हात मुख्य गायक.

वर्षभराने मी हट्टाने सी मायनरमधला एक प्रेल्यूड घेतला. तो बाखच्या १७२२ च्या संग्रहातला. सुरुवातीपासून बराच वेळ प्रत्येक मात्रेत दोन्ही हातांना चार-चार स्वर, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. मी रोज दीड तास दात-ओठ खाऊन बसायचे. पहिल्या ओळीनंतर खांदे कानांना टेकलेले, जबडा आवळलेला, मनगट लाकडासारखं. दुसऱ्या पानावर कोपराखालचा हात पेटलेला. मी म्हणायचे, चांगलं आहे, ताकद येतेय.

दोन महिने मी सरांना काही सांगितलं नाही. परीक्षेचा फॉर्म भरला होता आणि कच खाल्ली असं दिसायला नको होतं. मग एका सकाळी हातातून कपबशी सुटली. कुकरचं झाकण लागेना. तेव्हा माझी आई अंथरुणाला खिळलेली होती, तिला कुशीवर वळवायला मीच असायचे. त्या दिवशी तिला उचलताना माझा हात थरथरला आणि ती म्हणाली, “राहू दे, तुला दुखतंय.” परीक्षा गेली याचं मला वाईट वाटलं नाही. त्या वाक्याचं वाटलं.

डॉक्टरांनी सहा आठवडे पियानो बंद ठेवायला लावला. त्या काळात मला पहिल्यांदा कळलं की माझ्या हातात काय चाललं होतं.

बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखालच्या हातात असतात. बोटांपर्यंत येतात त्या त्यांच्या दोऱ्या. बोट वाकवणारे स्नायू वेगळे, उचलणारे वेगळे. भीतीने आपण दोन्ही एकदम आवळतो. म्हणजे एक पाय ब्रेकवर आणि एक ॲक्सिलरेटरवर. गाडी पुढे जात नाही, इंजिन मात्र तापतं. शिवाय पियानोची हातोडी तारेवर आपटून मागे आली की पट्टी कितीही दाबा, त्या स्वरात काडीचा फरक पडत नाही. मी मात्र प्रत्येक पट्टी तळाशी दाबून धरत होते. बाखमध्ये हे जास्त छळतं, कारण एकाच हाताच्या एका बोटाने एक स्वर धरायचा आणि उरलेल्या बोटांनी दुसरा आवाज चालवायचा, असं सारखं येतं. धरलेलं बोट दाबू लागलं की शेजारची बोटं अडकलीच. आणि बाखच्या घरची वाद्यं हार्पसिकॉर्ड आणि क्लॅव्हिकॉर्ड, त्यांच्या पट्ट्या आजच्या पियानोपेक्षा हलक्या. फॉर्केल या चरित्रकाराने १८०२ साली लिहून ठेवलंय की वाजवताना बाखच्या बोटांची हालचाल जेमतेम दिसायची.

सहा आठवड्यांनी सरांनी मला पुन्हा पहिल्या रचनेवर आणलं. खुर्चीची उंची कोपर पट्ट्यांच्या पातळीत येईल इतकी केली. एक स्वर वाजवायचा, थांबायचं, हात मऊ झाला का ते बघायचं, मग पुढचा. एक आवाज वाजवायचा, दुसरा तोंडाने गायचा. एका वेळी दोनच मात्रा, पंधरा मिनिटांनी उठायचं. आणि दुखलं की त्याच क्षणी बंद. तो प्रेल्यूड मी आज वाजवते. गती निम्मी आहे, पण शेवटच्या स्वराला खांदे खाली असतात. आई जाण्यापूर्वी तिने तो दोनदा ऐकला.

आता बाईंसाठी. आमच्या संगीताच्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, आठवीत तुम्ही मागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवायचात आणि म्हणायचात, “भाता ओढू नकोस गं, हात सैल सोड.” मला वाटायचं तुम्ही रागावताय, म्हणून मी आणखी ताठ बसायचे. चाळीस वर्षांनी दुसऱ्या वाद्यावर, दुसऱ्या गुरूंकडून तेच ऐकलं आणि तेव्हा पटलं.

इथे आजही शिकवणारे शिक्षक आहेत. त्यांना एवढंच सांगेन: पेन्सिल मोडेपर्यंत दाबून लिहिणारं मूल हट्टी नसतं, बहुधा घाबरलेलं असतं. “जोर लाव” म्हणण्याआधी त्याचे खांदे बघा.

शाळेत पियानो नाही, पण आपली जुनी पेटी अजून आहे असं कळलं. समारोपाच्या प्रार्थनेला मी तिच्यावर बसणार आहे. बाई, माझ्या डाव्या खांद्याकडे लक्ष ठेवा.