साखर आणि डोळ्याचा पडदा

मैत्रिणींनो, माडाच्या बागेत शिपणं करताना आपण पाटाचं पाणी लागेल त्या आळ्याकडे वळवतो. डोळ्याच्या मागच्या पडद्यातही तसंच. तिथे मेंदूचा हुकूम चालत नाही. बारीक रक्तवाहिन्या स्वतःच आकसतात, स्वतःच रुंदावतात. उजेड लुकलुकला, पडद्याचं काम वाढलं, की जास्त रक्त सोडतात. रक्तदाब चढला की आकसतात.

मधुमेहात ही शिस्त लवकर बिघडते. मग वाहिन्या पाझरतात, काही बुजतात. उपाशी पडदा नव्या वाहिन्या वाढवतो, पण त्या नाजूक. फुटल्या की डोळ्यात रक्त उतरतं. तोवर दुखत काहीच नाही, सुईत दोराही ओवता येतो. म्हणून "माका बरा दिसता गो" हे उत्तर मी ऐकणार नाही!

साखर असलेल्या प्रत्येकीने वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्यायचा. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. लेझर नि इंजेक्शनने उरलेली नजर बहुतेकदा वाचते. गेलेली परत येईलच असं नाही. थेंबांनंतर काही तास अंधूक दिसतं, एकटीने जाऊ नका. पुढच्या बैठकीला आपापल्या गटातली नावं लिहून आणा, ओरोसच्या सरकारी रुग्णालयात चौकशी करून एकच गाडी ठरवू.