उद्या त्या खुर्चीत तुम्ही असाल

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातल्या अनेकांचे अर्ज या घडीला कुठल्या ना कुठल्या कंपनीत उघडले जात असतील. गुणपत्रिका पाहून झाली की तिथला माणूस तुमचं नाव इंटरनेटवर टाकतो. लिंक्डइन दिसतं, मग इन्स्टाग्राम, मग सेकंड इयरला रागाच्या भरात लिहिलेली एखादी पोस्ट. मुलाखतीचं बोलावणं येणार की नाही, हे कधीकधी तिथेच ठरतं आणि तुम्हाला त्याचं कारण कुणी कळवत नाही.

कायदा सांभाळून घेईल असं वाटत असेल, तर तो एकदा नीट वाचा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण जी माहिती आपण स्वतःहून सार्वजनिक केली, तिला हा कायदा लागूच होत नाही. त्याच्या तिसऱ्या कलमात तसं स्पष्ट लिहिलं आहे. तेव्हा कुणाला काय दिसावं, याची सेटिंग्ज आज घरी गेल्यावर तपासा. कुणाची बदनामी केली असेल, कुणा मुलीचा फोटो तिला न विचारता टाकला असेल, तर ते काढाच. नोकरी मिळणार असो वा नसो.

मात्र मतं पुसू नका. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. त्याबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीने तो लाइक केला आणि दोघींना अटक झाली. तुमच्याच वयाच्या मुली होत्या त्या. हे पाहून श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, अशा पोस्टवरून अटक करू देणारं कलम ६६-अ रद्द झालं. इतक्या कष्टाने राखलेलं बोलणं एचआरच्या धाकाने तुम्ही आपणहून सोडून द्यावं, हे मला मान्य नाही. पाण्याचा प्रश्न, परीक्षेचे घोळ, गावातला अन्याय यांवर तुम्ही सभ्य भाषेत लिहिलं असेल, तर ते राहू द्या. त्यावरून तुम्हाला नाकारणाऱ्या ठिकाणी तुमचा जीव गुदमरला असता.

पण आज मला खरं बोलायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. पाच-सात वर्षांत तुमच्यातले कितीतरी जण स्वतः अर्ज चाळत असतील. तेव्हा काय कराल?

अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना उत्तर म्हणून खासगी कंपन्यांकडे अर्ज पाठवले होते. शिक्षण सारखं, पात्रता सारखी, फक्त नावं निरनिराळी. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले: उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. तिथे अर्जावर नुसतं नाव होतं. आज प्रोफाइलवर चौदा एप्रिलची मिरवणूक दिसते, ईदचं जेवण दिसतं, कडेवरचं बाळ दिसतं, व्हीलचेअर दिसते. जे मुलाखतीत विचारायला आपली जीभ रेटत नाही, ते सगळं एका बोटाने वर सरकवत पाहता येतं. आणि एकदा दिसलं की मनात घर करतं; माणूस कितीही प्रामाणिक असो, ‘टीममध्ये बसेल का?’ हा प्रश्न त्यातूनच उगवतो. मला या प्रश्नाची फार भीती वाटते, कारण तो विचारणाऱ्याला आपण अन्याय करतोय असं कधी वाटतच नाही.

म्हणून माझी मागणी आहे, आणि ती कळकळीची आहे. तुमच्या हाती निवड येईल तेव्हा मुलाखतीआधी कुणाचंही प्रोफाइल उघडू नका. कामासाठी तपासणी गरजेचीच असेल, तर ती निवड समितीबाहेरच्या माणसाकडे द्या. कशासाठी तपासायचं, हे त्याला आधी लेखी सांगा: धमकी, खोटी पदवी, कुणाचा छळ. बाकी काहीही त्याने तुमच्यापर्यंत आणू नये. उमेदवारालाही अर्जाच्या वेळीच कळवा की आम्ही हे पाहणार आहोत. काही आक्षेपार्ह सापडलं, तर त्याला समोर बसवून विचारा. नावं सारखी असतात, खाती बनावट असतात, स्क्रीनशॉट अर्धवट असतात. त्याचं म्हणणं पूर्ण ऐका, मगच त्या अर्जावर शेरा लिहा.