झिजायचं कुणी?
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



संयोजकांची अट होती की गुडघे, शुगर आणि नातवंडं सोडून कशावरही बोल. म्हणून मी एका जुन्या इंजिनावर बोलते. मेलबर्नला मशीन शॉपच्या तपासणी विभागात नोकरी झाली, तेव्हा मोजमापाचा विषय निघाला की मी जरा लांबते. सरांनी घंटा हाताशी ठेवावी.

माझ्या मुलाने १९८० सालची माझदा आरएक्स-७ विकत घेतली. इंजिन बसलेलं होतं. हे रोटरी इंजिन, म्हणजे फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेचं. आपल्या स्कूटरमध्ये पिस्टन वर-खाली होतो. इथे पिस्टनच नाही. कमरेत किंचित दबलेल्या लंबगोल घरात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो, तो रोटर. त्याच्या तिन्ही कोपऱ्यांवर खाचा असतात. प्रत्येक खाचेत एक पट्टी आणि पट्टीखाली स्प्रिंग. ही पट्टी म्हणजे एपेक्स सील. पिस्टनच्या रिंगचं काम ती करते, पण रिंगपेक्षा तिचं जिणं अवघड. ती भिंतीला फक्त एका रेषेवर टेकते आणि फिरताना तिचा कल सतत बदलत राहतो.

या पट्टीने मोठमोठ्यांना रडवलं आहे. जर्मनीच्या एनएसयू कंपनीत १९५७ साली पहिलं वांकेल इंजिन चाललं. पुढे त्यांच्या आरओ-८० गाडीचं नाव सील लवकर झिजण्यामुळेच खराब झालं. जपानमध्ये माझदाच्या केनिची यामामोतो यांच्या गटात ४७ जण होते. त्यांच्या इंजिनात घराच्या आतल्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उठायचे. त्याला ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. पट्टी थरथरत भिंतीवर आपटायची, त्याचे ते व्रण. शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली पट्टी चालली आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. १९९१ साली ल मां इथली २४ तासांची शर्यत जिंकलेल्या माझदा ७८७-बी मध्ये सिरॅमिकची सील होती.

तुम्ही म्हणाल, यात आपलं काय? आपलंही आहे. निशांत या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचं वांकेल इंजिन देशात तयार झालं, त्यात अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीई या संरक्षण संस्थेचा वाटा होता. घराच्या आतल्या भिंतीवरचा निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर बंगळुरूच्या एनएएलने बसवला. २००९ साली कोलारला ते इंजिन घेऊन निशांत उडालं. तिथेही प्रश्न पट्टी आणि भिंत यांच्या जोडीचाच होता.

आता आमच्या गॅरेजमधला प्रश्न. इंजिन उघडलं तर पुढच्या रोटरची एक पट्टी तुटून बाहेर गेली होती. जाताना तिने रोटरचा कोपरा ठेचला आणि भिंतीवरचा क्रोमचा थर उकलला. मागचं घर मात्र शाबूत. पुढच्यासाठी जुन्यातलं एक चांगलं घर मिळालं, पण पुन्हा मिळेल याची खात्री नाही.

रोटर निवडताना मुलाला नंतरच्या सालातले, वेगळ्या वजनाचे हवे होते. मी म्हटलं, रोटरवर वजनाच्या गटाचं अक्षर ठोकलेलं असतं, ते उगाच नाही. शाफ्टच्या दोन्ही टोकांची प्रतिवजनं त्या वजनाला जुळवलेली असतात. रोटर बदलला तर सगळं पुन्हा तोलून घ्यावं लागेल. मग त्याच गटाचा जुना रोटर शोधला. विकत घेण्याआधी प्रत्येक खाचेत नवी पट्टी बसवून फीलर गेज घातला. खाच आणि पट्टी यांच्यातली फट ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त भरली की तो रोटर परत. दोन परत केले, तिसरा ठेवला.

सीलवर मात्र घरात आठवडाभर वाद झाला. मुलाला शर्यतवाल्यांची कडक पोलादी पट्टी हवी होती, कारण ती सहसा तुटत नाही. सिरॅमिकची हलकी आणि भिंतीला जपणारी, पण महाग, आणि ठोका बसला तर तडकते. कार्बनची मऊ, पण लवकर संपते. मी एकच विचारलं, "या दोघांत झिजायचं कुणी?" पट्टी नवी मिळते, घर मिळत नाही. तेव्हा झिजायचं पट्टीने. कंपनीच्या मूळ प्रकारची तीन मिलिमीटरची बिडाची पट्टी घेतली. दमदार प्रवेग हवा असेल तर दुसरी गाडी घे, असंही सांगितलं. तो दोन दिवस बोलला नाही.

एक गोष्ट लुनावर शाळेत आलेल्यांना लगेच कळेल. या इंजिनाला पट्ट्यांसाठी थोडं ऑइल जाळावंच लागतं, त्याला वेगळा पंप असतो. शिवाय आम्ही टाकीतही थोडं टू-स्ट्रोक ऑइल घालतो. तिथल्या पंपावरचा मुलगा चमकून बघतो. आपण मात्र सीताबर्डीच्या पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल टाकून घेतच मोठे झालो.

काल एका मैत्रिणीने विचारलं, "काहून वं, एवढ्या खटाटोपापेक्षा दुसरं इंजिन नाही टाकता येत?" येतं. पण मग ती गाडी ती राहत नाही, आणि शाबूत असलेलं मागचं घर भंगारात जातं. ते चाळीस वर्षं टिकलं, कारण त्याच्या वाट्याची झीज पट्टीने घेतली.

आज दोन्ही रोटरच्या तिन्ही बाजूंचं कंप्रेशन जवळजवळ सारखं येतं. मुलगा गाडी जपून चालवतो, निदान मी शेजारी बसलेली असताना तरी. तुमच्या अंगणात ताडपत्रीखाली एखादी जुनी चेतक किंवा येझदी उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा उघडून मोजून बघा. काय पुन्हा मिळतं आणि काय नाही, याची यादी करा. मग मला फोन करा, मी आठवडाभर नागपुरातच आहे.